तुमचे हातमोजे पास झाले

अहो,

जिवंतपणी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, आता लिहितेय. आज तुमचे हातमोजे माझ्या टेबलावर आले आणि ते कोणाला सांगावं तेच कळेना.

तुमच्या माघारी मला वीज कंपनीत नोकरी लागली, अकोल्याच्या तपासणी खोलीत. तुमच्यासारख्या लाइनमनचे रबरी मोजे तपासायचे. मोज्यात पाणी भरायचं, तो पाण्याच्या टाकीत लटकवायचा आणि सुरक्षेच्या जाळीबाहेर येऊन हजारो व्होल्टचा दाब द्यायचा. सुईएवढं भोक असलं तरी भोंगा वाजतो.

तुमच्या अपघाताची चौकशी संपली म्हणून तुमची जोडी परत आली. आत निळ्या पेनानं तुमचं नाव. मला रडू यायला हवं होतं ना? नाही आलं. मी पाणी भरलं.

वर्षभर मी सगळ्यांशी भांडले हो! बार्शीटाकळीचे तुमचे सोबती सांगायचे, मोजे पिशवीतच होते. मी म्हणायचे, साफ खोटं! मोजे फुटके होते म्हणून तळहाताला शॉक बसून जीव गेला. माझा माणूस बेफिकीर नव्हता.

भोंगा वाजावा म्हणून मी वाट बघत उभी होते. कसली बाई मी! तो वाजला नाही. सोबतच्या बाई म्हणाल्या, "झालं न व मंदा, पास हायेत. बंद कर आता." मी पुन्हा लावले. पुन्हा पास.

काहून नाही घातले? उकडत होतं? एवढ्याशा कामाला कशाला, असं वाटलं?

घरी तुमच्या आईंनी विचारलं, "फुटके निंगाले न व?" खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "नाही आई, चांगले होते."

भाकरी थापता थापता त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "त्याले हातात काईच खपे नाही. राखी बी सांजलोक ठेवत नोता." आणि परत थापू लागल्या.

तुमच्यावर रागवायचं आहे, तेही जमत नाही. जेवले, भांडी घासली.

उद्या ही जोडी तुमच्या जागी आलेल्या लाइनमनला द्यायची आहे. बायकोला घेऊन या, असा निरोप मी त्यांना धाडलाय. मोजे तिच्या हातात देईन आणि सांगेन, माझ्या नवऱ्याचे मोजे चांगले होते. त्यांनी ते घातले नव्हते.

हे वाक्य अजून माझ्या तोंडून निघालेलं नाही. उद्या निघेल, शब्द देते.

तुमची,
मंदा