बटण कोणी बांधलं

फरीदाबाद,
३ डिसेंबर २०१५

प्रिय अविनाश,

रविवारच्या सत्काराचं निमंत्रण मिळालं, आत्मचरित्रही मिळालं. चांगलं जाडजूड केलंयस. कव्हरवर सूट शोभतो तुला. मी डाव्या हाताने लिहितोय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

पान एकशे बारा वाचलं. थोरल्या भावाने कारखान्यात घाईघाईत पत्रा दाबायच्या प्रेसचं एक बटण बांधून ठेवलं, चार बोटं गमावली, आणि त्या दिवशी तू रोबोट बनवायचा निश्चय केलास. वा रे वा, प्रोफेसरसाहेब! प्रेसला दोन बटणं का असतात, हे तुला मीच शिकवलं होतं. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, म्हणून कामगाराची बोटं वाचतात.

शहाऐंशीतला तो रविवार आठव. तू कॉलेजातून तुझा लोखंडी हात टेम्पोत घालून आणलास. साहेबांच्या हातापाया पडून मी शेड उघडून घेतली. तुझ्या यंत्राला एकच बटण दाबता येत होतं, म्हणून दुसरं तू सुतळीने बांधलंस. तू, मी नव्हे. पत्रा तिरका बसला तेव्हा म्हणालास, दादा, जरा सरळ कर ना. मी हात घातला आणि तुझ्या यंत्राने बटण दाबलं.

दवाखान्यात तू ढसाढसा रडलास. म्हणालास, माझी कॉलेजातली नोकरी जाईल, संशोधन बंद पडेल. मीच म्हटलं, माझं नाव सांग. चौकशीत सही केली की बटण मी बांधलं. टूलरूममधून मला थेट गेटवर पहाऱ्याला बसवलं. माझ्या हाताखाली शिकलेले लोक जाता-येता गालात हसायचे. त्याचा राग नाही रे, ते मी आपखुशीने केलं. तू प्रोफेसर झालास तेव्हा अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. पण माझं खोटं तू पुस्तकात छापलंस! खरंच विसरलास, की लाज सोडलीस?

वर चिठ्ठीत लिहितोस, भाषणात दादाला उभं करीन, त्याने फक्त हात वर करायचा. ते वाचल्यापासून मला जेवण गेलं नाही. वीणाने खोदून खोदून विचारलं. तुझी वहिनी इतकी वर्षं मला निष्काळजीच समजत आली. गॅससुद्धा पेटवू देत नाही. काल तिला सगळं सांगून टाकलं. मी येणार नव्हतो. आता ती म्हणते, जायचंच, आणि पहिल्या रांगेत बसायचं. भाषण बदलायला तुझ्याकडे तीन दिवस आहेत, म्हणून हे पत्र. तू बोलला नाहीस तर ती उठून बोलेल, आणि मी तिला अडवणार नाही.

अजून तरी तुझाच,
विश्वासदादा