पाटावरचं पागोटं

टाकवे बुद्रुक, सन १९१९

नथूभाऊ,

रामराम लिवतो, पन ह्ये पत्र टाकू कुटं? बसऱ्याकडं लढाईत तू पडलास, ह्ये सरकारनं कवाच कळवलंय.

आपुन रगताचं भाऊ न्हाई, जिवाभावाचं दोस्त; तरी जाताना तू बायकू न् तान्हा गेनू माझ्या भरवशावर सोडून गेलतास. वयनी मानमोडीच्या साथीत गेली. तवापासून गेनू आमच्यातच हाय. मुक्ताला आई म्हनतो, मला आबा.

आमास्नी मूलबाळ न्हाई. म्हनून त्येला दत्तक घ्यायला वडगावच्या वकिलाकडं गेलतो. त्यो म्हनला, "पोर आईनं न्हाईतर बापानंच द्यावं लागतं. दोगंबी मेली, तर त्ये कुनालाच दत्तक जात न्हाई."

म्हंजी उद्या मी मेलो की वाडवडलांची भातखाचरं माझ्या सख्ख्या पुतन्याची. त्यो गेनूला उंबऱ्याशी उभा करनार न्हाई.

नथू, लय राग येतो तुजा. जायच्या आदी एकदा माझ्या मांडीवर घातला असतास तर? पन तवा तू माघारी येनार हुतास.

काल मुक्ता ऐकंचना. तिनं पाटावर तुजं पागोटं ठिवलं, शेजारी गेनूला बसवलं. मी समोर बसून हात पुढं केलं. तू "दिला" म्हनायचं, मंग मी "घेतला" म्हननार. हात तसंच धरून मी पागोट्याकडं बगत ऱ्हायलो.

शेवटी गेनूच म्हनला, "आबा, कुनाची वाट बगताय?"

अजून वाट बगनारा,
भिमाजी