मापाच्या वहीतली तारीख

प्रिय ताई,

तू रागावलेली आहेस हे धरूनच लिहिते आहे. फोन तू उचलत नाहीस, आणि भावोजींना मध्ये घातलं तर ते दोन्हीकडे सारखीच मान डोलावतात, म्हणून कागद. फाडायचा असेल तर खुशाल फाड, फक्त शेवटपर्यंत वाचून फाड.

परवा मी तुझ्या त्या शुद्धीवाल्याला बघून आले. हो, गेले होते. मोबाइल दुरुस्तीच्या बंद पडलेल्या दुकानात त्याने पडदा लावलाय आणि स्वतः पांढरा कोट चढवलाय. त्या कोटाचा डावा खांदा दोन बोटं उतरलेला आहे. बाबांच्या हातून असला कोट गेला असता तर त्यांना आठवडाभर घास गोड लागला नसता. भिंतीवर सोनेरी चौकटीत प्रमाणपत्र आहे. जवळ जाऊन वाचलं तर ते तीन दिवसांच्या शिबिराला हजर राहिल्याचं. मी थाप मारली की माझा मुलगा बोलत नाही. त्याने मुलाचं वय विचारलं नाही, नाव विचारलं नाही, तो काय खातो, कधी हसतो, काही नाही. विचारलं ते एवढंच, लस दिली होती का? मी हो म्हणताच त्याने असा सुस्कारा सोडला की सुतकात आल्यासारखं वाटलं. म्हणे शरीरात विष साचलंय, ते पायाच्या तळव्यांतून काढावं लागेल. विष तरी किती आज्ञाधारक, दार दाखवलं की चाललं. मला मुलगाच नाही, ताई, आणि तरी त्याच्या तळव्यांतून विष काढायला तीन महिने लागणार होते.

असल्या माणसाच्या पुढ्यात तुझं पोर, आपला मास्तर, दर शनिवारी पाय सोडून बसतो. टबातलं पाणी तपकिरी होतं आणि तू ते बघून रडतेस. मी आमच्या आरोग्य केंद्रातल्या तंत्रज्ञाला विचारलं. तो हसला आणि म्हणाला, त्या टबात कुणाचेही पाय नसले तरी पाणी तपकिरीच होईल, तो रंग पाण्यात सोडलेल्या लोखंडाच्या पट्ट्यांचा. गंजाला विष म्हणायचं आणि वर चेहरा दयाळू ठेवायचा, याला कसब लागतं खरं.

आणि तुझी नणंद. तिचा तो फोनवरचा गट मी वाचला आहे, तुझ्याच फोनवर, मागच्या खेपेला. सकाळी उठून दात घासायच्या आत ती चार निरोप पुढे ढकलते. प्रत्येकाच्या शेवटी लिहिलेलं, डॉक्टर हे तुम्हाला सांगणार नाहीत. डॉक्टर सांगणार नाहीत ते हिला कोण सांगतं, देव जाणे. स्वतःच्या तिन्ही मुलांना तिने सगळ्या लसी वेळेवर दिल्या, तो शहाणपणा तिने घरात वापरला आणि उरलेला मूर्खपणा तुला पाठवून दिला.

तू म्हणशील, पुस्तकीला पदवी मिळाल्यापासून सगळे गाढवच दिसतात. पण ही गोष्ट आली कुठून ते तरी ऐक. आपण लहान असताना एका डॉक्टरने बारा मुलांवरून, मोजून बारा, असा लेख छापला की या गोवराच्या लसीचा आणि स्वमग्नतेचा संबंध असू शकेल. पुढे उघडं पडलं की मुलांच्या नोंदी त्याने हव्या तशा बदलल्या होत्या, आणि लसीच्या कंपन्यांवर दावा लावणाऱ्या वकिलाचे पैसेही घेतले होते. मासिकाने लेख मागे घेतला, त्याचा परवाना गेला. नंतर लाखो मुलं तपासली, लस घेतलेली आणि न घेतलेली. स्वमग्नता दोन्हींत सारखीच. बारा मुलांची खोटी गोष्ट घरोघरी पोचली आणि लाखो मुलांची खरी गोष्ट कपाटात राहिली, कारण खऱ्या गोष्टीत शिव्या घालायला कुणी नाही. दीड वर्षाला लस असते आणि साधारण त्याच सुमाराला आईबापांच्या लक्षात येतं की मूल वेगळं आहे. दोन गिऱ्हाइकं एकाच वेळी दुकानाची पायरी चढली म्हणून ती नवराबायको होत नाहीत, हे तू मशीनवर बसून रोज बघतेस.

तू सगळ्यांना सांगतेस की लसीच्या आधी मास्तर चांगला होता, लस दिली आणि आठवड्यात त्याने नजर फिरवली. म्हणून मी गेल्या रविवारी बाबांची मापाची वही काढली. बाबा माप कधी तारखेशिवाय लिहीत नाहीत आणि गिऱ्हाइकाचा स्वभाव दोन शब्दांत टिपतात, ‘पोट लपवतो’, ‘सैल सांगतो, घट्ट हवं’. मास्तरचा पहिला कोट शिवायला घेतला ते पान सापडलं. छाती, बाही, उंची. खाली लिहिलंय, ‘हाक मारली तरी बघत नाही. पुतळ्यासारखा उभा. ध्यान कामात. घराण्याचं नाव काढील.’ तेव्हा तो चौदा महिन्यांचा होता. लस त्यानंतर साडेचार महिन्यांनी.

आठवतं ना, आपण किती मिरवलं? एवढंसं पोर टेपला घाबरत नाही, हलत नाही. कोटाची मोठी बटणं आकाराप्रमाणे रांगेत लावतो आणि कुणी रांग मोडली की भिंतीवर डोकं आपटतो. बाबा म्हणाले, कारागिराचा राग आहे हा, आणि त्या दिवसापासून सगळे त्याला मास्तर म्हणायला लागलो. दुसऱ्या कुठल्याही घरात कुणीतरी म्हटलं असतं, हे काय, पोर बघत का नाही? आपण शिंप्याचं घर. आपल्याला हलतं गिऱ्हाईक नको असतं. चूक झाली ती प्रेमाने झाली, आणि तिच्यात तुझा दोष तसूभरही नाही.

माझा आहे.

त्या कोटाच्या दिवशी मी घरी होते. शेवटच्या वर्षाला आम्हाला मुलांच्या वाढीवर एक तास झाला होता, ताजा होता. तू माप धरलं होतंस आणि मी मास्तरच्या मागे उभं राहून पत्र्याचा डबा आपटला. तो चटकन वळला. मग मी त्याला हाक मारली, तीनदा, चारदा. वळला नाही. कान चांगले होते, ताई. मला त्या क्षणी कळलं. मी माझ्या अभ्यासाच्या वहीत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि वही मिटली. आठवड्याने माझा निकाल होता. घरातली पहिली पदवी. तू शाळा सोडून मशीनवर बसलीस म्हणून मिळालेली. त्या आनंदात मी हे कुठल्या तोंडाने बोलू, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मी भ्याले. नंतर सांगू म्हणता म्हणता दहा महिने गेले, ते त्याला शिकवण्याचे महिने होते. मी आधी बोलले असते तरी मास्तर स्वमग्न असताच, तो तसाच जन्माला आलाय आणि तसाच आपला आहे. पण चित्रांच्या कार्डांवरून तो आज जे मागतो ते त्याला कदाचित वर्षभर आधी मागता आलं असतं.

आणि मग तो दवाखान्याचा हिरवा पॅसेज. निदान ऐकून आपण बाहेर आलो, तू माझा हात धरलास आणि विचारलंस, “तू शिकलेली आहेस, खरं सांग, लसीमुळे झालं असेल का गं?” माझ्यासमोर दोन उत्तरं होती. नाही म्हटलं असतं तर तू पुढचा प्रश्न विचारला असतास, मग केव्हापासून होतं, तुला काही दिसलं नव्हतं का? म्हणून मी म्हणाले, “असू शकतं. काही सांगता येत नाही.” लसीच्या फ्रिजचं तापमान दिवसातून दोनदा नोंदवणारी मी. शुद्धीवाला निदान पोटासाठी खोटं बोलतो, तुझी नणंद अडाणीपणाने. मी सगळं माहीत असून बोलले, फक्त माझी अब्रू राखायला. आज इतक्या जणांना तुच्छ लेखलं, त्या रांगेत सर्वांत पुढे उभी राहायला माझ्याइतकं लायक कुणी नाही.

मंगळवारी तुझ्या धाकटीबद्दल तुझा निरोप आला, ‘ठमीला एकही लस देणार नाही, तूच म्हणाली होतीस.’ त्याच दिवशी तुझ्या मागच्या गल्लीतली तीन मुलं गोवराने आमच्याकडे भरती झाली. एकीच्या छातीत पसरलाय, ती ठमीपेक्षा दोन महिन्यांनी मोठी आहे. म्हणून हे पत्र. पॅसेजमधले ते शब्द मी परत घेते, लेखी, खाली सही करून. एवढी माघार मी तुझ्या नणंदेलाही लिहून पाठवली आहे, गटात टाक म्हणून. बुधवारी सकाळी नऊ ते अकरा लसीकरण आहे. ठमीला घेऊन ये. टोचणारी सिस्टर वेगळी असते, माझं तोंडही बघावं लागणार नाही, तू दारात दिसलीस की मी मागच्या खोलीत जाईन. मला आयुष्यभर माफ केलं नाहीस तरी चालेल. फक्त माझ्यावरचा राग लसीवर काढू नकोस.

तुझीच, हाकेच्या अंतरावर थांबलेली,
पुस्तकी