यंदाची आखाजी सुरतेला

पर्वत पाटिया, सुरत
१२ एप्रिल १९९७

ती. रामदासभाऊस,
रंजनाचा शि. सा. न.

परवा मुंबईहून आलो. भाऊ, तपासण्यांचा अगदी कंटाळा आला. मेंदूच्या फोटोत दोन डाग दिसतात, पण पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यात काही सापडलं नाही. डॉक्टर म्हणाले, मल्टिपल स्क्लेरोसिस असेल, नसेलही; नसांवरचं आवरण झिजवणारा आजार असतो तो. पुन्हा झटका आला तर नक्की सांगता येईल. म्हणजे आता मी झटक्याची वाट बघत बसायचं.

डावा पाय ओढत चालते. साड्यांवर टिकल्या लावताना सुई बोटात शिरते ते कळत नाही, कापडावर रक्त दिसलं की कळतं. तुझे मेहुणे कारखान्यातून येऊन भाकरी थापतात. सगळे नकाशे होतात.

आखाजीच्या सणाला मला माहेरी न्यायला येऊ नकोस. उन्हाने त्रास वाढतो, शिवाय गल्लीभर बायका पाय बघतील. आईला अशक्तपणा आहे एवढंच सांग. तिला खरं कळलं तर मला तिच्याकडे बघवणार नाही.

तुझी माया आहेच, ती असू दे.
रंजना


अमळनेर
२१ एप्रिल १९९७

चि. सौ. रंजनास,
रामदासचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आईला नेहमीसारखं मोठ्याने वाचून दाखवायला बसलो, आणि मुंबईपाशी येऊन गाळत सुटलो. माझी अक्कल बघ, दोन पानांचं पत्र पाच ओळींत संपवलं! संध्याकाळी आई तेच पत्र घेऊन शालिग्राम मास्तरांकडे गेली आणि सगळं वाचून घेतलं. तिच्यापासून लपवायचं होतं, हेसुद्धा.

दोन दिवस माझ्याशी अबोला होता. आता म्हणते, लेक येत नसेल तर मी जाते. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी घ्यायचं नाही, हा हट्ट मात्र कायम. कळशी भरून आणणार आहे. आखाजीच्या आदल्या दिवशी पॅसेंजरने तिला घेऊन येतो. रागावायचं तर मला रागव.

प्रकृतीला जपावे, एवढेच मागणे.
रामदास


सुरत
१४ मे १९९७

ती. भाऊस,
शि. सा. न.

तू आईला इथे सोडून गेलास, त्यानंतर दोन दिवस मी तिच्याकडे नीट पाहिलं नाही. ती आपली शिदोरी खायची. कळशी संपल्यावर शेजारच्या उषाबाईंकडे जाऊन पाणी प्यायची.

काल माठातून पाणी घेताना माझ्या हातातून तांब्या सुटला. मी तिथेच ओल्यात बसले आणि रडले, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. म्हटलं, आई, मला काय झालंय ते कोणीच सांगत नाही गं. मी फार थकले.

तिने तांब्या उचलला, भरला, माझ्या हातात दिला. माझ्या हातांखाली आपले हात धरले आणि म्हणाली, "दे माले पाणी." सगळा तांब्या प्यायली.

डॉक्टरांनी ऑगस्टमध्ये बोलावलंय. तोवर काही कळायचं नाही. आई तोवर राहते म्हणते. तिची दोन लुगडी येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवून दे.

तुझी,
रंजना