केसरबाईंची मान दसऱ्याच्या आत तपासू देण्याबाबत

प्रति,
मा. कक्ष अधिकारी,
ग्रामीण आरोग्य संशोधन परवानगी कक्ष, बीड.

विषय : ऊसतोड मजूर स्त्रियांच्या मान, कंबर व सांध्यांच्या जुनाट दुखण्याच्या अभ्यासास दसऱ्यापूर्वी परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे अर्ज व त्यांवरील आपली उत्तरे, जी वाचून माझेच डोके दुखू लागले.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय अर्ज करते की, मी डॉक्टर असून जुनाट दुखण्यांवर संशोधन करते. माझे माहेर धारूरच्या डोंगरातल्या वाडीचे. माझ्या आईने उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहिल्या आहेत. दसरा झाला की वाडी ट्रॅक्टरमध्ये बसून कारखान्याला जाते ती उन्हाळ्यात परत येते, हे मला कोणी शिकवावे लागले नाही. आपल्या कार्यालयाला मात्र मी ते तीन वर्षे शिकवीत आहे.

१. पहिल्या वर्षी आपण परवानगी दिली ती नोव्हेंबर ते मार्चची. कारण काय, तर पावसाळ्यात शेतीची कामे असतात आणि हिवाळ्यात लोक रिकामे असतात. मी गेले. दारांना कुलपे, ओट्यावर म्हातारी माणसे, अंगणात लेकरे आणि शेळ्या. बैल गेला नि झोपा केला. तसे मी लेखी कळवले. त्यावर आपण नोंद केली की, सदर गावी दुखण्याची तक्रार असलेल्या स्त्रिया आढळल्या नाहीत. सबब जवळच्या वडवणीच्या सरकारी दवाखान्यात मंजूर झालेली फिजिओथेरपिस्टची जागा रद्द करावी. ती झाली.

२. मग मी उसाच्या फडावर जाऊन तपासणी करण्याची परवानगी मागितली. आपण कळवले की, फड जिल्ह्याबाहेर असल्याने तेथील दुखणे या कक्षाच्या हद्दीत येत नाही. त्या जिल्ह्याने कळवले की, बाया बीडच्या आहेत. म्हणजे मोळी तिकडची, मान इकडची, आणि दुखणे कोणाचेच नाही.

३. गेल्या वर्षी आपण अट घातली की, गावात नसलेल्या स्त्रियांनी स्वतः कार्यालयात हजर राहून, आपण गावात नसल्याचा दाखला द्यावा. हा कागद मी आईला वाचून दाखवला. ती हसली नाही. आपले लिपिक मोहनराव यांनी मला चहा पाजला व जे हजर आहेत त्यांचेच दुखणे घ्या, आकडे भरल्याशी मतलब, असा सल्ला दिला. माणूस भला आहे. पण मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

४. आता आमच्या शेजारच्या केसरबाईंविषयी. गेल्या हंगामात त्यांच्या उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या, कोयता निसटून पायावर पडला. हल्ली भाकरी थापता थापता हात मध्येच थांबतो. माझ्या मते मानेतली शीर दबली आहे. यंदा पुन्हा मोळी उचलली तर तो हात कायमचा जाईल, हे मी डॉक्टर म्हणून लिहून देते.

घरी राहा म्हणणे सोपे आहे. मुकादम नवरा-बायकोची जोडी घेतो. बाई थांबली की त्यांचा नवरा बद्रीनाथ, त्यालाही काम नाही. माझ्या प्रकल्पात तपासणी, उपचार आणि विश्रांतीच्या काळातली दोघांची मजुरी, सगळ्याची तरतूद आहे. अडले आहे ते फक्त आपल्या सहीवर. आपण सही करता, पण ती नेहमी ट्रॅक्टर गेल्यावर.

परवा केसरबाईंना मी हे सगळे समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, मानेला हात लावला आणि म्हणाल्या, "ऋतुजा, तुझा कागद येईस्तोर आमी निघतो बग. मान हितंच ठिवून जाऊ का? तू तपासून घे, आल्यावर घालीन."

तरी विनंती की, परवानगी दसऱ्याच्या आत द्यावी. ते शक्य नसल्यास, मजूर स्त्रीने मान जिल्ह्यात ठेवून बाकीच्या अंगानिशी कामावर जाण्याची काही तरतूद आपल्या नियमांत आहे काय, ते कळवावे.

आशेने नव्हे, सवयीने वाट पाहणारी,
आपली नम्र,

(सही)
डॉ. ऋतुजा मुंजाजी तांदळे
दिनांक : १५ सप्टेंबर २०२५

सोबत :
१) आपली मागील उत्तरे, छायांकित.
२) केसरबाईंच्या मानेचा एक्स-रे, प्रत एक. मूळ मान दसऱ्यापर्यंत वाडीत पाहावयास मिळेल.