आवाज बंद ठेवून

१९ ऑगस्ट, मंगळवार

आज ब्लॉगवर काही टाकलं नाही. काल टाकलं तेवढं पुरे झालं!

काल एका वरातीचा व्हिडिओ टाकला. पिवळ्या डगल्यातला एक म्हातारा, डोळे मिटून क्लॅरिनेट वाजवतोय. वर मी मोठ्या झोकात लिहिलं, 'असा सूर हल्ली ऐकायला मिळत नाही.' आज खाली कुणाची तरी कमेंट — 'ताई, दिसतोय क्लॅरिनेट, वाजतंय डीजे. ऐकून टाकत जा.' कुण्या शहाण्याने त्यावर दुसरंच गाणं चिकटवलेलं. मी ऐकलंच नव्हतं. जानेवारीत आप्पा गेले, वर्ष पाळायचंय, घरात गाणं-बजावणं नाही. म्हणून सगळे व्हिडिओ आवाज बंद ठेवून बघते. नुसती बोटं बघून सूर कळतो, असा माझा समज झाला होता.

काढून टाकला. लाज वाटायला हवी होती. नाही वाटली.

२० ऑगस्ट

दुकानात. आप्पांचं बी-बियाण्याचं दुकान आता मीच बघते. शिवाजीभाऊ खताची पोती उतरवायला आले. म्हणाले, "आप्पा होते तव्हा दुकानात कसं वाजत राह्याचं! आता बसल्या बसल्या झोप यायली." मी हसले. जिथे हसायचं असतं तिथे हसता येतं अजून, ते बरं आहे.

खरं तर दुकानात आवाज लावायला कुणाची ना नाही. पण बोट तिकडे जात नाही.

संध्याकाळी शटर अर्धं ओढून आप्पा स्टुलावर बसायचे. "हं, दाखव. आज काय घावलं?" मी दिवसभरात शोधलेले व्हिडिओ दाखवायचे, ते एकच पसंत करायचे. "हे टाक तुझ्या पानावर. ते दुसरं नको, त्यात गाणाऱ्यापेक्षा कॅमेराच नाचून राह्यला." ब्लॉगला पान म्हणायचे. गाणी त्यांच्या पसंतीची, मजकूर माझा. फक्त ऑगस्टअखेर नेत्रदानाचा पंधरवडा असतो, तेव्हाची पोस्ट सगळी माझी. ती वाचूनच एकदा म्हणाले, "मंग माझेबी देऊन टाक की. लोकायला सांगती अन् घरचे ठिवती का?"

दिले.

२२ ऑगस्ट, पोळा

आमच्याकडे यंदा सण नाही. शेजारच्या द्वारकामावशी पुरणपोळ्या घेऊन आल्या. आई त्यांना म्हणाली, "द्वारके, त्या पोरीला म्हणावं, गरम हाय तवर खाय." मी तिथेच, हातभर अंतरावर! मावशींनी मान वळवली. "खाय म्हणती." म्हटलं, "ऐकलं, मावशी."

आई जानेवारीपासून माझ्याशी बोलत नाही. मावशी नसल्या तर भिंतीवरच्या घड्याळाला सांगते. "पाणी तापलंय." घड्याळ काही अंघोळीला जात नाही. मग मी जाते.

ती सकाळ लिहायचीच आहे तर लिहून टाकते. आप्पा झोपेतच गेले. मी रडले नाही. फोन उचलला आणि नेत्रपेढीचा नंबर काढला — माझ्याच ब्लॉगवरून. वेळ थोडा असतो, हे मीच दरवर्षी लिहीत आले. जालन्याहून माणसं आली. फार नीट वागली बिचारी. भुजंगकाका दारात आडवे उभे राहिले, "थांब जरा, सगळ्यायला येऊ दे." मी म्हटलं, आप्पांनी सांगितलंय. सही केली. आई भिंतीला टेकून बसली होती. ती माणसं गेल्यावर एकदाच बोलली, "पुढल्या जन्मी आंधळे जलमतील आता ते. तू केलंस."

तेव्हापासून घड्याळ.

माझं म्हणाल तर मला त्या सकाळपासून काही होतच नाही. जेवते, झोपते, हिशेबात चुकत नाही. दातांच्या डॉक्टरकडे सुई दिल्यावर गाल असतो तसं, फक्त सगळीकडे. हात लावला तर कळतं की आपलाच आहे.

२५ ऑगस्ट, सोमवार

पंधरवडा आजपासून. पोस्ट लिहिली नाही.

भुजंगकाका दुकानात आले. चहा घेतला, मग मुद्द्यावर. "आकांक्षा, बंद कर ते पान. त्या पानापायी वहिनी तुला बोलत न्हाई. आईपेक्षा जास्ती हाय का ते?" मी म्हटलं, नाही. तसं खरंच नाही. ते गेल्यावर ब्लॉग उघडला, 'कायमचा काढून टाका'पर्यंत गेले. इतक्या वर्षांची गाणी, आप्पांची सगळी पसंती. वाईटही वाटेना. तेवढ्यात एक जण कपाशीवरची अळी पिशवीत घालून घेऊन आला, तिच्यासाठी औषध द्यावं लागलं. राहून गेलं.

२७ ऑगस्ट

गल्लीत सगळीकडे गणपती बसले. आमच्याकडे नाही. आप्पा दर चतुर्थीला राजूरच्या गणपतीला जायचे, ते आज कुणीच काढलं नाही.

३० ऑगस्ट

आज मीही घड्याळाला सांगितलं! आई तांदूळ निवडत होती. मी घड्याळाकडे बघून म्हटलं, "आईला म्हणावं, ती बोलणार असेल तर मी पान बंद करते. बिलकुल बंद. नेत्रदानाचं पुन्हा लिहिणार नाही."

आईचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले. 

आईने बोलावं एवढं मात्र मला हवंय. बाकी काही हवं असल्याचं आठवत नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार

दुपारी जेवायला घरी आले होते. द्वारकामावशी मोबाइल नाचवत आल्या. "अगं, तुझ्या पानावर सोमेश्वर बोलून राह्यला की!" सोमेश्वर म्हणजे आप्पाच. मला कळेना. त्यांनी जुन्या पोस्टी उघडल्या होत्या. कुंभार पिंपळगावच्या लग्नातला बँड. तो व्हिडिओ आप्पांनीच काढला होता, मी टाकला होता. गेल्या महिन्यातही मी तो बघितला — आवाज बंद ठेवून. त्यात आप्पांचा आवाज आहे, हे मी साफ विसरले होते!

मावशींनी भर अंगणात लावला. मोठ्या आवाजात. ताशा, क्लॅरिनेट, आणि बँडच्या ऐन पुढे हिरव्या लुगड्यात आई. कॅमेऱ्याच्या मागून आप्पा ओरडतात, "अगं, सरक की बाजूला! मला काहीच दिसून न्हाई राह्यलं!" व्हिडिओतली आई मागे बघते, हसते, आणि मुद्दाम तिथेच उभी राहते.

खरी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. मावशींना एकदम घरातला दुखवटा आठवला. बंद करायला गेल्या तर आवाज आणखी वाढला. "अगं बाई, हे कुठून बंद होतंय!"

आई म्हणाली, "राहू दे."

शेवटपर्यंत वाजलं. मग आई आत गेली. मावशी माझी माफी मागत बसल्या. मी म्हटलं, काही नाही झालं. पण दुकानाकडे निघाले ती अनवाणीच, पाय पोळत होते. माझेच, हे जरा उशिराने लक्षात आलं.

३ सप्टेंबर

आईने घड्याळालाही काही सांगितलं नाही. पाणी तापलेलं मी वाफेवरून ओळखलं. आता तेही गेलं म्हणायचं.

६ सप्टेंबर

विसर्जन. गल्लीतला डीजे इतका जवळून गेला की ताटं वाजली. आई म्हणे जेवली नाही. मावशींनी सांगितलं.

दुकानातून आल्यावर ब्लॉग पुन्हा उघडला. सोमवारी पंधरवडा संपतो. त्या दिवशीच बंद करून टाकायचा. ठरलं.

८ सप्टेंबर, सोमवार

सकाळी आई मेथी निवडत होती. मी दुकानात निघाले तर म्हणाली, "आकांक्षे, मोतीबिंदू काढलेले डोळे चालतेत का गं?"

मी आधी घड्याळाकडे बघितलं. मग म्हटलं, चालतात.

"मंग माझेबी दे. अन् लिही तुझ्या पानावर."

मी चप्पल तशीच पायात ठेवून तिच्याजवळ बसले. विचारलं, पटलं का तुला?

"पटलं-बिटलं काही न्हाई. ते आंधळेच जलमणार. मंग मी एकटी डोळे घेऊन काय करू?"

मला रडू आलं. जानेवारीपासूनचं सगळं आलं.

आई म्हणाली, "रड." मला म्हणाली.