तिन्ही फ्यूज

बाबा, तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली आणि आज मी सौंसरच्या बस स्टँडवर बसून तुम्हाला लिहितो आहे. पांढुर्ण्याची एक बस सोडली, दुसरी समोर लागली आहे. ठेकेदाराच्या सुपरवायझरनं मला दोन कोरे कागद दिलेत. माझ्या जोडीचा लाईनमन गेल्या महिन्यात खांबावरून पडला, त्याबद्दल मला माझा जबाब सोमवारच्या आत लिहून द्यायचा आहे. काय लिहायचं तेही सुपरवायझरनं सांगून ठेवलंय. तुम्ही असता तर आधी कानाखाली वाजवली असती आणि मग विचारलं असतं.

तुमच्यासोबत पहिल्यांदा लाईनवर आलो तो दिवस सारखा डोळ्यांपुढे येतो. तिगावच्या बाजूला संत्र्याची बाग, बागेच्या कडेला विजेची डीपी. लाईन बंद करायला तुम्ही तिन्ही फ्यूज उपसता, चिनी मातीचे ते जड ठोकळे, आणि पँटच्या खिशांत कोंबता. पँट खाली सरकते, मला हसू येतं. तुम्ही शिडीला हात लावलेला असतो, तो काढून माझ्याकडे वळता. "हसून काय राहिला बे? जो चढन, फ्यूज त्याच्याच खिशात. जोडीदाराजवळ बी ठेवाचे नाही. आपल्या इकडचा शेतकरी डीपीले आपलीच समजते. मोटर बंद पडली का येते अन् फ्यूज लावून जाते. वर कोण हाय ते पाहात नाही." मग वर चढता चढता पुन्हा एकदा, "खिशात!" रिटायर झाला त्या दिवशी तुम्ही मला तुमची पक्कड दिली. काळी टेप गुंडाळलेली. तुम्ही म्हणाला होता, नोकरीत पक्का झाला की नवी घे. ती पक्कड अजून माझ्याच कमरेला आहे.

अकरा वर्षं झाली मला या कामात, चौथा ठेकेदार आहे. ठेकेदार बदलला की नवं ओळखपत्र मिळतं आणि त्यावर नोकरीला लागल्याची तारीख नवी पडते. अकरा वर्षांचा मी दर वेळी कालच आलेला असतो. सोयरिकीच्या वेळी मुलीच्या मामानं विचारलं, "पोरगा पक्का हाय का ठेक्यावर?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "पक्का होऊन राहिला." अजूनही होऊनच राहिलो आहे, बाबा. वादळ आलं की तुम्ही ताटावरून उठून जात होता, आई चिडायची. सुरुवातीला मीही उठायचो. आता फोन वाजला की आधी बघतो, ठेकेदाराकडचा आहे का? असेल तर लगेच उचलतो. गावातल्या माणसाचा असेल तर वाजू देतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणारा माणूस दुसऱ्याच्या घरातल्या अंधाराची काळजी किती दिवस करणार? हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

जोडीदार पडला त्या दिवशी नव्या ठेकेदाराची यादी बनत होती. कोण राहणार, कोण जाणार, कोणालाच माहीत नव्हतं. वीज गेल्याच्या तीन तक्रारी अंगावर होत्या. डीपीचे फ्यूज मी काढले. जोडीदार म्हणाला, "दे इकडे." मी म्हटलं, "चढ तू, मी खालीच उभा हाय ना." आणि तिन्ही फ्यूज मी डीपीच्या डब्यावर ठेवले. तो बागेपलीकडच्या खांबावर चढला. इतक्यात सुपरवायझरचा फोन आला, "तुझं नाव लिस्टमध्ये दिसून नाही राहिलं." नीट ऐकू येईना म्हणून मी बोलत बोलत शेताच्या कडेच्या धुऱ्यापर्यंत गेलो. हात जोडावे तसा फोनवर बोलत होतो. मागे शेतकरी आला, मोटर बंद बघितली, डब्यावर फ्यूज बघितले. झाडांमुळे त्याला खांब दिसला नाही. मला आधी मोटर सुरू झाल्याचा आवाज आला, आणि मग जोडीदाराचा.

तो जगला. पाठीचा मणका तुटलाय, नागपूरच्या दवाखान्यात पडून आहे, कमरेखाली काही हलत नाही. सुपरवायझर म्हणतो, "फ्यूज न काढताच चढला म्हून लिही. त्याची गलती होती का विषय संपला. तुझं नाव मी टाकून राहिलो लिस्टमध्ये." असं लिहिलं की त्याचा इलाज त्याच्या घरावर आणि माझी नोकरी माझ्याजवळ. त्याची बायको दवाखान्याच्या जिन्यात भेटली. तिला कोणी काही सांगितलेलं नाही. ती मला म्हणाली, "भाऊजी, तुम्ही होते ना खाली? तुम्ही सांगा त्या ठेकेदाराले. हे फ्यूज काढल्याबिगर कधी चढत नाहीत." मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नुसतीच, मलाही कळलं नाही.

शेतकऱ्यावर राग काढून पाहिला, ठेकेदारावर काढून पाहिला. दोघांवरही तो फार वेळ टिकत नाही. फ्यूज डब्यावर मी ठेवले होते. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

दुसरी बसही गेली. तुम्हाला लिहिता लिहिता सुपरवायझरचे दोन्ही कागद पाठपोट भरले. जबाबासाठी आता ऑफिसात जाऊन तिसरा कागद मागावा लागेल. त्यावर हेच लिहायला हात उठेल की नाही, ते मला अजून माहीत नाही, बाबा.